कुंपणाबाहेरचा डबा

ओकरिज, १२ फेब्रुवारी २००७

रॉइस,

तुझं पत्र मिळालं. तू तुरुंगात कोरडा आहेस आणि मी बाहेर चिखलात आहे, असं हे आपलं चाललं आहे.

पोरांचं ते डबे शोधणं बंद पाडू नकोस, असं तू पुन्हा पुन्हा लिहितोस. अरे, बंद पाडणारी मी कोण? टेसा नऊ वर्षांची असली तरी या घरात राज्य तिचंच आहे. काल रविवार. भल्या घरची माणसं चर्चला गेली आणि आम्ही सॅमन क्रीक ओढ्याच्या पुलाखाली. कोर्टाने परत दिलेलं तुझं जीपीएस टेसाच्या गळ्यात, तिच्या मागे ओटिस, त्याच्या मागे मी, चौपन्न वर्षांची, गुडघे कामातून गेलेली, हातात छत्री. यंत्र म्हणतं, डबा इथेच आहे. आता यंत्राचं 'इथेच' म्हणजे अख्ख्या घराएवढ्या जागेत कुठेही! कुणा रिकामटेकड्याने प्लास्टिकचा डबा दगडांत लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, मग दुसऱ्या रिकामटेकड्यांनी पोरंबाळं घेऊन तो हुडकायचा. आत आपलं नाव लिहायचं, एखादं खेळणं घ्यायचं, एखादं ठेवायचं आणि डबा होता तसा लपवून परत यायचं. यात मिळतं काय, हे मला अजून कळलेलं नाही. काल मिळाला एक रबरी बेडूक. त्याच्या बदल्यात ओटिसचा एक बूट क्रीकने नेला.

वर आणखी बाहेरच्या माणसाला काही कळू द्यायचं नाही म्हणे. कुत्रा फिरवणारी एक बाई आली, तसा ओटिस खाली बसून बुटाची नाडी बांधायचं सोंग करू लागला. बूट नव्हता त्या पायाची. बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.

आता खरं बोलते. परवा जेवताना ओटिसने विचारलं, "आत्या, बाबांना दाढी आहे का?" टेसा म्हणाली, आहे. मी म्हणाले, नाही. तो दोघींकडे बघून म्हणाला, "तुम्हाला कुणालाच माहीत नाही." आणि मटार बाजूला काढत बसला.

तू गेलास तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता, आता पाच पूर्ण झाले. पोरांनी मला तिथे पाहू नये, असं तू म्हणतोस. लाज तुझी आहे, मान्य. पण त्या लाजेपायी तो तुला विसरत चाललाय. त्यांची आई नेवाडाला गेली ती गेलीच, तिचं नावसुद्धा तो काढत नाही. तुझंही तसंच व्हावं असं वाटतं का तुला? एकदा त्यांना भेटायला येऊ दे. फोनवर सांगू नकोस, फोनवर आपण दोघं नुसते एकमेकांचे श्वास ऐकत बसतो. लिहून कळव.

व्हर्ना


२५ फेब्रुवारी २००७

ताई,

बूट नसलेल्या पायाची नाडी मी इथे सगळ्यांना सांगितली. माझ्या खोलीतला म्हातारा आर्लो कधी हसत नाही, तोही हसला. मग म्हणाला, पोरगं हुशार आहे, बापावर गेलेलं नाही.

त्याचं काही चुकलं नाही. सरकारी जंगलातली मेपलची झाडं चोरून कापायची आणि कुठलं झाड कुठे उभं आहे ते आपल्याच यंत्रात टिपून ठेवायचं, असा चोर पोलिसांनाही रोज भेटत नसेल. वकील मला म्हणाला होता, रॉइस, तू पुरावा घरपोच दिलास.

पण पोरांबरोबर शोधलेले डबे मात्र खरे होते. त्यात कुणाचं काही गेलं नाही. म्हणून म्हणतो, ते बंद करू नकोस.

टेसाला सांग, आमच्या अंगणाला दुहेरी तार आहे. तारेपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे उघडी टेकडी, आणि टेकडीवर एकच जुनिपरचं झाड. झाडाखाली दगडांची रास आहे. बाकी सगळं खुरटं झुडूप, नजर जाईल तिथवर. मी अंगणात आलो की तिकडेच बघतो. डबा लपवायला याहून चांगली जागा अख्ख्या ओरेगनमध्ये नसेल.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. मी बरेच दिवस 'नाही' लिहिलं आणि फाडलं. जूनमध्ये आण त्यांना. इथे टेबलखुर्च्यांची एक खोली आहे, तिथे पोराला मांडीवर घेता येतं. अर्ज पाठवतोय, मंजुरीला तीन महिने लागतात. मला दाढी नाहीये. पण ओटिसला हवी असेल तर तोवर वाढवतो, विचारून कळव.

रॉइस


ओकरिज, ३ एप्रिल २००७

रॉइस,

ओटिस म्हणतो, आधी बघतो, मग सांगतो. म्हणजे दाढीचं जूनपर्यंत राहू दे.

पण जूनपर्यंत थांबायला टेसाला सांगणार कोण! तुझं पत्र तिने इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. मग म्हणाली, "आत्या, बाबांना डबे शोधायला बाहेर येता येत नाही. पण बघता तर येतील ना?" मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं, पण वसंताची सुट्टी होती, बाहेर पाऊस थांबत नव्हता, आणि पोरगी तुझ्यासारखी हनुवटी पुढे काढून उभी होती.

तेव्हा ऐक. आम्ही घाट ओलांडून तुझ्या त्या टेकडीवर जाऊन आलो! घाटात बर्फ होता, ओटिसला दोनदा उलटी झाली, मोटेलमधल्या पलंगाने माझी कंबर धरली. पण झाड सापडलं. त्याखालच्या दगडांच्या राशीत तुझा डबा ठेवला आहे. प्लास्टिकचा ठेवायला टेसाने साफ नकार दिला. तुझ्या शेडमधली सैन्याच्या गोळ्यांची जुनी लोखंडी पेटी घेतली. त्यात पाणी शिरत नाही, उंदीर कुरतडत नाही, खरे खेळाडू तीच वापरतात म्हणे. आत रबरी बेडूक आहे, तुझा माशाचा आवडता गळ आहे, टेसाची शिट्टी आहे. ओटिसने त्याची पितळी किल्ली ठेवली. शाळेच्या मैदानात सापडलेली ती किल्ली कशालाच लागत नाही आणि म्हणूनच त्याला ती प्यारी. देताना जरा घुटमळला, पण दिली.

साइटवर हा डबा टाकलेला नाही. टेसा म्हणाली, हा फक्त बाबांचा. जागेचे आकडे तिने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहेत.

वरून तुमचं अंगण दिसलं. निळ्या कपड्यांतली माणसं मुंग्यांएवढी. त्यांतला तू कोणता हे कळेना, म्हणून ओटिसने सगळ्यांनाच हात केला. त्यात तू आलास असं धर.

मी या खेळाला नावं ठेवते, ठेवीनही. पण परत येताना गाडीत मीच गाणं म्हणत होते.

व्हर्ना


१५ एप्रिल २००७

ताई,

तुझं पत्र आलं, पण मला मिळालं नाही. फक्त चिठ्ठी मिळाली: अमुक तारखेचं पत्र रोखून ठेवलं आहे. कारण विचारलं तर म्हणतात, तपासणी चालू आहे.

काय घातलंस त्यात? मागे एकाच्या बायकोने पत्रावर अत्तर शिंपडलं होतं, ते पत्र असंच गेलं. सुकलेलं फूल नको, चमकी नको, पोरांच्या चित्रांवर डिंकाने काही चिकटवलेलं नको. ओटिसला चिकटवायची हौस आहे हे मला माहीत आहे. त्याला रागवू नकोस, नुसतं परत लिही.

बाकी ठीक. अर्ज पुढे सरकलाय, सतरा जूनची तारीख धरून चालू. अंगणात जातो, टेकडी बघतो. मार्चच्या शेवटी वर कुणीतरी माणसं दिसली, एक मोठं, दोन लहान. सहलीला आली असावीत. ती गेल्यावर मला दिवसभर काही सुचलं नाही, पोरं असती तर एवढीच दिसली असती.

रॉइस


ओकरिज, २२ एप्रिल २००७

अरे गाढवा, तीच होती तुझी पोरं!

अत्तर कुठलं आणि चमकी कुठली! मी साध्या शाईने साध्या कागदावर सगळं सरळ लिहिलं होतं. तेच पुन्हा लिहिते. त्या जुनिपरखालच्या दगडांत तुझ्यासाठी एक पेटी ठेवली आहे, पोरांच्या खेळण्यांची. टेसा आकडे पुन्हा खाली लिहिते आहे, या वेळी मोठ्या अक्षरात, म्हणजे वाचताना कुणाची चूक व्हायला नको.

आणि हे पत्र तपासणाऱ्या साहेबांसाठी इथेच चार ओळी लिहिते. साहेब, मी व्हर्ना टॉलिव्हर, या कैद्याची थोरली बहीण. पंचवीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढते आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. शंका असेल तर आकडे खाली आहेतच, स्वतः जाऊन बघा. पेटी लोखंडी आहे, जरा जड आहे, झाकणाची कडी जोराने ओढावी लागते. बघून झाल्यावर होती तशी ठेवा, एवढीच विनंती.

झालं. आता याहून स्वच्छ कसं लिहायचं असतं ते मला माहीत नाही. यालाही अडवलं तर मी स्वतः येऊन त्यांना वाचून दाखवीन.

ओटिसने तुला दाढी काढून पाठवली आहे. चित्र डिंकाशिवाय आहे.

व्हर्ना


ओकरिज, २० मे २००७

रॉइस,

तुझं पत्र नाही. तुरुंगात फोन केला तर कोणी धड बोलत नाही. हे पत्र तुला मिळेल की तेही कुठल्या खणात पडेल, देव जाणे. तरी लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

मागच्या गुरुवारी शेरीफच्या कचेरीतून दोन माणसं आली. एक तरुण, दारातच उभा राहिला. दुसरा लँडिस नावाचा, पोट सुटलेला, स्वयंपाकघरात बसला. मी कॉफी दिली. त्याने विचारलं, टेकडीवर पेटी कोणी ठेवली? मी सांगायच्या आत टेसाने यंत्र आणलं, साइट उघडून दाखवली, सगळा खेळ पहिल्यापासून समजावला. तो ऐकत होता, मग हसायला लागला. म्हणाला, "पोरी, माझी बायको दर शनिवारी मला याच कामाला जुंपते. मागच्या आठवड्यात मी स्मशानाच्या कुंपणात हात घालून बसलो होतो."

मला वाटलं, सुटलो. मी त्याला ॲपल पायचा तुकडा वाढला. त्याने तो खाल्ला नाही.

"बाई, मला सगळं कळतं," तो म्हणाला, "पण मला कळून काही उपयोग नाही. तुरुंगाच्या तारेसमोर गोळ्यांची पेटी. आत किल्ली, लोखंडी गळ, शिट्टी. कैदी स्वतःच्या पत्रात त्या जागेचं वर्णन करतो, बहीण दोनदा आकडे पाठवते. आणि हाच कैदी असल्याच आकड्यांवरून झाडं चोरत होता. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी म्हणाले, "मी तुमच्या जागी असते तर हा ॲपल पाय खाऊन घरी गेले असते."

तो म्हणाला, मलाही तेच करायचं आहे, पण तिकडच्यांनी सगळं लिहून मागितलंय.

मग टेसा बोलली. तुरुंगाजवळ डबा ठेवायचा नाही, असा नियम साइटवर आहे, आणि तिने तो वाचला होता. पण तो साइटवर टाकायच्या डब्यांसाठी असेल असं तिला वाटलं. आपला डबा तर साइटवर टाकायचाच नव्हता. हे सांगताना ती रडत नव्हती, नुसती पांढरी पडली होती. रॉइस, यात तिची चूक नाही. मी मोठी आहे, गाडी मी चालवली. तपासणाऱ्याला 'स्वतः जाऊन बघा' असं लिहिणारी शहाणीही मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पेटी त्यांनी उडवून दिली. रस्ता बंद करून, दुरून चालणारं यंत्र पाठवून. बेडकासकट. ओटिसने विचारलं, "किल्लीपण?" लँडिसने टोपी घातली आणि म्हणाला, "हो रे बाबा, किल्लीपण." जाताना तो माझी माफी मागून गेला. सगळे माफी मागतात, सगळ्यांना कळतं, आणि कोणाच्या हातात काही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तुला काही केलं का त्यांनी? सतरा जूनचं काय?

व्हर्ना


३ जून २००७

ताई,

ठीक आहे मी. तीन आठवडे एकट्याच्या कोठडीत होतो, काल बाहेर काढलं. तुझी सगळी पत्रं त्यांनी मला चौकशीत वाचून दाखवली, म्हणून आता मला सगळं माहीत आहे.

ज्या दिवशी पेटी उडवली त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना आत बंद केलं होतं. खिडकीतून काही दिसत नाही. एकदम धडाका झाला. इथे कधी काही घडत नाही ना, सगळे ओरडले, शिट्ट्या मारल्या, मीही टाळ्या वाजवल्या. आर्लो म्हणाला, कुणाची तरी लागली वाट. आम्ही खूप हसलो. मग जेवणाआधी मला न्यायला आले.

चौकशी करणारा माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, किल्ली कशाची? मी म्हणालो, कशाचीच नाही. मग का ठेवली? मी म्हणालो, तो पाच वर्षांचा आहे. हेही त्याने लिहून घेतलं. माझं पत्र समोर ठेवून विचारलं, "डबा लपवायला याहून चांगली जागा नाही, हे तुमचंच अक्षर ना?" होतं माझंच.

निकाल असा. टेबलाची खोली नोव्हेंबरपर्यंत बंद. भेट हवी तर काचेतून, फोन कानाला लावून, महिन्यातून एकदा. आणि माझ्या पत्रव्यवहारात यापुढे आकड्यांच्या ओळी चालणार नाहीत. ही शिक्षा त्यांच्या मते हलकी आहे, आणि कदाचित असेलही.

पोरांना आणू नकोस. ओटिसने मला पहिल्यांदा बघायचं ते काचेमागे, हे मला नको. नोव्हेंबरमध्ये बघू. टेसाला सांग, डब्याची जागा एकदम फर्मास निवडली होती. मी ती सहल बघितली होती. ते तिला नक्की सांग.

रॉइस


ओकरिज, जून महिना, शाळा सुटली त्यानंतरचा सोमवार

रॉइस,

तारीख घातलेली नाही. काय सांगावं, तीही आकड्यांत धरतील. टेसाला गणितात किती मिळाले ते लिहीत नाही, चांगले मिळाले एवढंच समज. ओटिसला नवे बूट घेतले, माप लिहीत नाही. अशी वेळ आली आहे माझ्यावर.

तू लिहिलंस, नोव्हेंबरमध्ये बघू. तुझ्या दृष्टीने नोव्हेंबर जवळ असेल. काल किराणा दुकानात मी बटाटे निवडत होते. रांगेत एक माणूस उभा होता, दाढीवाला, लाकूडतोड्यासारखा चौकड्यांचा शर्ट घातलेला. ओटिस त्याच्याकडे बघत राहिला आणि टेसाचा हात ओढून हळूच म्हणाला, "हे का?"

एवढंच. टेसा म्हणाली, नाही. तो म्हणाला, बरं. आणि बटाटे मोजायला लागला.

मी तुझ्यावर ओरडणार होते या पत्रात. आता बळ नाही. काचेतून तर काचेतून. आता मी तुला विचारत नाही, सांगते आहे. जुलैतली तारीख घे. तुला लाज वाटेल, मला रडू येईल, टेसा आम्हा दोघांना सांभाळून घेईल. पण त्याला तुझं तोंड दिसेल. तू नाही म्हणालास तर मी पोरांना घेऊन दाराबाहेर बसेन, आणि मी बसले की उठवणं सोपं नाही, माझे गुडघे तुला माहीत आहेत.

व्हर्ना


२ जुलै २००७

ताई,

या महिन्यातला शेवटचा रविवार मिळालाय. दाढी ठेवलेली नाही. आणताना ओटिसला सांग, मी कोण आहे ते.

रॉइस


१ ऑगस्ट २००७

ताई,

हे पत्र लिहायला तीन दिवस घेतले.

तू आलीस, टेसा आली, बरं वाटलं. टेसा किती उंच झाली. फोनवर ती भराभर बोलत होती, शाळेचं, क्रीकचं, सगळं घोकून आल्यासारखी. मी नुसता हो हो म्हणत होतो.

पण ओटिसचं तू मला आधी का नाही सांगितलंस? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, एकदाच. मग बघेनाच. तू फोन त्याच्या कानाला लावलास, त्याने ढकलला. तो काचेच्या कडा बघत होता. फळीखाली हात घालून चाचपडत होता, वाकून कोपऱ्यात बघत होता, स्टुलावर चढून वरची चौकट बघत होता. पहारेकरी त्याला खाली उतर म्हणाला. मी काचेवर टकटक केलं, 'ओटिस, ओटिस' म्हणालो, त्याला ऐकू जात नाही हे माहीत असून. त्याने मान वर केली नाही. निघताना टेसाने हात हलवला, तो पाठ करून गेला.

मी त्याला परका आहे, ताई. खोलीपेक्षा, खुर्चीपेक्षा परका. तुझा हेतू चांगला होता, माझाही होता, पण झालं हे असं. जबरदस्तीने पोराला बाप दाखवता येत नाही. यापुढे त्याला आणू नकोस. टेसाला एकटीला आण, तिला हवं असेल तर. नोव्हेंबरमध्येही घाई करायला नको.

आर्लो म्हणाला, पोरं अशीच असतात. त्याची तर येतच नाहीत.

रॉइस


ओकरिज, ऑगस्ट, रविवार

रॉइस,

पत्र वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. मग राग आला. तुझा नाही, त्या काचेचा. आता मी सांगते ते नीट वाच.

दारातल्या तपासणीत ओटिसच्या खिशात पेन्सिलीचा एक तुकडा निघाला होता. बोटाएवढा, टोक चांगलं केलेलं. आत न्यायला परवानगी नाही म्हणून तो काढून घेतला. कुठून आणला, कशाला आणला, मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही, माझं लक्ष तुझ्याकडे लागलेलं.

परत येताना घाटाच्या अलीकडे आम्ही चीज लावून भाजलेले पाव घेतले, त्याने तोंड लावलं नाही. टेसा म्हणाली, "बघितलेस ना बाबा? दाढी नव्हती ना? मी हरले." तो म्हणाला, "सापडले नाहीत."

मी म्हणाले, अरे, समोर तर बसले होते.

तो म्हणाला, "दिसले. सापडले नाहीत. नाव कुठे लिहिलं?"

मला कळेना. टेसाला कळलं. तुमच्या खेळाचा नियम आहे ना तो. डबा झाडावर दिसला, पण हात पोचला नाही, आपल्या हाताने आत नाव लिहिता आलं नाही, तर तो सापडला असं म्हणायचं नाही. तू टेसाला शिकवलंस, टेसाने त्याला. हल्ली त्याला स्वतःचं नाव लिहिता येतं. तुझ्या हातावर लिहिणार होता तो. म्हणून ती पेन्सिल.

तो तुला टाळत नव्हता रे. तुझ्याकडे एकदा बघितलं, ते त्याला पुरलं. मग तो झाकण शोधत होता. खाली, कोपऱ्यात, वरच्या चौकटीला, कुठून उघडतं ते. उघडत नाही असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी नाही, तू नाही.

घरी आल्यावर त्याने टेसाला यंत्रात लिहायला लावलं, सापडले नाहीत. तिला लिहावं लागलं.

आता मी काय सांगू त्याला? तो रोज विचारतो, पुन्हा कधी जायचं. मी म्हणते, बाबांना विचारते. विचारते आहे.

व्हर्ना


१९ ऑगस्ट २००७

ताई,

त्याला सांग, त्याचं बरोबर आहे. नियमाप्रमाणे मी सापडलेलो नाही.

काच सप्टेंबरमध्येही उघडणार नाही, ऑक्टोबरमध्येही नाही, हेही सांग. शोधून उपयोग नाही. आणि तरी आण त्याला. दर महिन्याला आण. त्याला शोधू दे, पहारेकऱ्याला मी आधी सांगून ठेवतो.

पेन्सिल मात्र गाडीतच ठेवून यायला सांग. नाहीतर ते परत काढून घेतील.

रॉइस